१.२० म्हणजे किती? यूएक्सच्या प्रोसेसवरून आलेल्या पत्राला उत्तर

पत्र:

ताई, मी बेळगावातल्या वडगावची. बी.ई. झाल्यावर आठ महिने ऑनलाइन यूएक्सचा, म्हणजे ॲप लोकांना वापरायला सोपं कसं करायचं याचा, कोर्स केला आणि आता टिळकवाडीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागून वर्ष झालं. कोर्समध्ये रिसर्च, पर्सोना (वापरणाऱ्याचं नमुन्यादाखल वर्णन), जर्नी मॅप (तो काम कसं कसं करत जातो त्याचा नकाशा), वायरफ्रेम (स्क्रीनचा कच्चा आराखडा), टेस्टिंग असं सगळं ओळीनं शिकवलेलं, इथं त्यातलं काहीच होत नाही. सोमवारी सर ग्रुपवर एका ओळीचा मेसेज टाकतात आणि बुधवारी त्यांना स्क्रीन तयार पाहिजे असतात. आत्ता एका क्रेडिट सोसायटीच्या पिग्मी कलेक्शनचं, म्हणजे एजंट दारात येऊन रोजची बचत गोळा करतात त्याचं, ॲप चालू आहे, मी अजून एकाही पिग्मी एजंटशी बोललेली नाही. पुढच्या महिन्यात पुण्यातल्या एका कंपनीचा इंटरव्ह्यू आहे, ते प्रोसेस विचारणारच. मैत्रीण म्हणते पर्सोना आणि जर्नी मॅप आता मागनं बनवून पोर्टफोलिओत टाक, सगळेच टाकतात. मला ते पटत नाही पण दाखवायला तर काहीच नाही. माझी कंपनी चुकीची आहे का मी चुकीची आहे? पप्पा उद्यमबागेत फौंड्रीत आहेत, मी नेमकं काय काम करते हे त्यांना पण समजावता येत नाहीये.

उत्तर:

बाळ, आधी एक सांगते मग बाकीचं. मी पुण्यात नऊ वर्षं आणि आता शहापुरात घरातनं पाच वर्षं हेच काम करतेय, मोठ्या कंपनीत केलं, चार माणसांच्या ऑफिसात केलं, परदेशातल्या क्लायंटचं केलं आणि हितल्या दुकानदाराचं पण केलं, आणि कोर्समध्ये दाखवतात तसा पहिल्या पायरीपासनं शेवटच्या पायरीपर्यंत ओळीनं गेलेला प्रोजेक्ट मला एक पण आठवत नाही. रिसर्च अर्धा झालेला असताना डेव्हलपरनी डेटाबेस बांधून ठेवलेला असतोय, टेस्टिंगला बसलो की पहिल्या माणसातच कळतंय की आपण प्रश्नच चुकीचा घेतलाय आणि मग परत मागं जायचं, कधी क्लायंट लाँचच्या आठ दिवस आधी म्हणतोय हे फीचर नकोच. त्यामुळं तू एकटी आहेस आणि बाकीचे सगळे नीट प्रोसेसनं काम करतात हे डोक्यातनं काढून टाक.

मग कोर्समधली ती प्रोसेसची चित्रं खोटी आहेत का? तर नाही, फक्त ती कशासाठी काढलीत ते कोर्सवाले सांगत नाहीत. डबल डायमंड हे चित्र ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलनं २००४-०५ च्या सुमाराला मांडलं, चांगलं काम करताना विचार आधी पसरतो मग आवळतो आणि परत पसरतो परत आवळतो हे लोकांना समजावं म्हणून. त्यातला कुठलाच डायमंड किती दिवसाचा हे ठरलेलं नाही, एखाद्या कामात पहिला डायमंड चहा प्यायच्या वेळात होतोय आणि एखाद्यात तीन महिने. सॉफ्टवेअरमधली ती पायऱ्या-पायऱ्यांची वॉटरफॉलची आकृती पण अशीच, १९७० साली विन्स्टन रॉयस यांच्या पेपरात आली आणि त्यांनी त्याच पेपरात लिहिलंय की हे असंच सरळ राबवणं धोक्याचं आहे, पण लोकांनी आकृती उचलली आणि खालचा मजकूर सोडला. माणूसकेंद्री डिझाइनचं आयएसओ ९२४१-२१० म्हणून जे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे त्यात पण चार कामं सांगितलीत, वापर कुठं आणि कसा होणार ते समजून घेणं, गरजा नक्की करणं, डिझाइन करणं आणि ते तपासून बघणं, आणि जिथं गरज पडेल तिथं मागं जायचं. पर्सोना केलाच पाहिजे असं त्यात कुठं नाही.

आता पप्पांचं. त्यांना आज जेवताना एक विचार, नवीन पॅटर्न, म्हणजे साचा करायचा नमुना, आला की तुम्ही काय करता आणि तोच जॉब दहाव्यांदा आला की काय करता. मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या स्टॉकच्या सिस्टिमवर काम केलंय, तिथं बघितलं. नवीन पॅटर्न असला की आधी दोन-चार सॅम्पल ओततात, त्यातलं एखादं कापून आत ब्लो होल म्हणजे हवेची पोकळी आहे का बघतात, मापं घेतात, पॅटर्नमध्ये कुठं घासायचं कुठं भरायचं ते ठरवतात आणि मगच लॉट धरतात. जुना जॉब असला तर सरळ लॉट. तिथं कोण असं म्हणत नाही की प्रत्येक जॉबला सगळ्या तपासण्या झाल्याच पाहिजेत, आणि असंही कोण म्हणत नाही की नवीन पॅटर्नवर न कापता पाचशे पीस ओता. जिथं चूक महागात पडणार तिथं आधी स्वस्तात तपासून घ्यायचं. आपलं काम हेच आहे, त्यांना असंच सांग, एका वाक्यात कळेल.

आणि तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर पण यातच आहे. तुझ्या ऑफिसात पर्सोना होत नाहीत याचं मला काही वाटत नाही. मला काळजी याची वाटते की पिग्मी ॲपचे स्क्रीन चाललेत आणि एजंटशी अजून कोण बोललेलं नाही, घोडं तिथं पेंड खातंय.

माझीच एक गोष्ट सांगते, नऊ-दहा वर्षं झाली त्याला. पुण्यातल्या एका कंपनीत शेतकऱ्यांसाठी खताचा हिशोब देणारं ॲप करत होतो, महाराष्ट्रात चाललेलं ते आता सीमेपलीकडं म्हणजे आपल्याकडं आणायचं होतं. प्रोसेस अगदी पुस्तकातल्यासारखी. दोन आठवडे पर्सोना, रंगीत प्रिंट काढून भिंतीवर लावलेले, 'प्रगतशील शेतकरी', वय ४२, स्मार्टफोन वापरतो, मुलगा इंजिनियरिंगला. जर्नी मॅप तर पाच फूट लांब होता. मी बेळगावची म्हणून माझ्या मताला तिथं वजन होतं आणि मी पण मान डोलावली, कारण आमच्या घरात शेती नाही आणि मला ते कबूल करायला लाज वाटली. मग अगदी शेवटी, रिलीजला बारा दिवस राहिले असताना मी घरी आले होते म्हणून सहज नंदगडला एका ओळखीच्या खत-बियाण्याच्या दुकानात जाऊन बसले, अर्धा दिवस, हातात फोन.

पहिल्याच मामांनी स्क्रीन बघून विचारलं, 'सातबारा कुठला आणि हितं?' आम्ही कागदाच्या जागी सातबारा लिहिलेलं, आणि कर्नाटकात सातबारा नसतोयच, हितं आरटीसी, पहाणी, आणि आपली मराठी माणसं नुसतं उतारा म्हणतात. मला हे माहीत होतं की! घरात शंभर वेळा ऐकलेला शब्द. पण भिंतीवरच्या पर्सोनाकडं बघून काम करताना तो आठवला नाही.

ते तरी लेबलचं झालं, बदलता येतंय. दुसऱ्या मामांनी क्षेत्राच्या खान्यात १.२० टाकलं. खाली खताच्या पोत्यांचा आकडा आला, त्यांनी तो बघितला, दुकानदाराकडं बघितलं आणि म्हणाले, 'एवढ्यात काय होतंय ओ, कमी दाखवूलालंय हे.' मला आधी वाटलं आमचा फॉर्म्युला चुकलाय. मग विचारलं, मामा तुमची जमीन किती, तर म्हणाले दीड एकर. एक एकर वीस गुंठे. ते त्यांनी जसं उताऱ्यावर असतंय तसं लिहिलेलं, पॉइंटच्या अलीकडं एकर आणि पलीकडं गुंठे, आणि चाळीस गुंठ्याचा एकर असल्यामुळं १.२० म्हणजे दीड. आमच्या सिस्टिमला मात्र ते एक पूर्णांक वीस शतांश, म्हणजे अठ्ठेचाळीस गुंठे. बारा गुंठे गायब. एरर नाही, लाल अक्षर नाही, सगळं हिरवं, आणि हिशोब चुकीचा. त्या दिवशी मी सहा जणांना तो खाना भरायला लावला, चौघांनी तसंच लिहिलं.

उपाय काय होता तर एका खान्याचे दोन खाने, एकर वेगळं गुंठे वेगळं, आणि गुंठ्यात ३९ च्या वर आकडा घ्यायचा नाही. डेव्हलपरला वेळ लागला कारण मागं सगळीकडं एकच आकडा साठवलेला, रिलीज पुढं गेली आणि माझ्यावर आवाज चढला. पण ते तसंच गेलं असतं तर किती जणांनी कमी खत टाकलं असतं हे मला आज पण आठवलं की पोटात गोळा येतो. दोन आठवड्यांच्या कामात जे दिसलं नाही ते दुकानातल्या बाकड्यावर अर्ध्या दिवसात दिसलं, तेव्हापासनं मी कुठल्याही कामाला हात लावताना पहिल्यांदा हेच विचारते की यातला आपला अंदाज कुठला, आणि तो चुकला तर सगळ्यात जास्त कोण भोगणार.

तर आता तुझं पिग्मी ॲप घे. एक कोरा कागद घे आणि त्यावर फक्त अंदाज लिही, जे सगळे जण खरंच धरून चाललेत पण कुणी बघितलेलं नाही. मी बाहेरनं मला दिसतात ते सांगते. एजंट दुकानात उभा राहूनच एंट्री करतोय, हा अंदाज. दुकानदाराच्या मोबाईलवर ओटीपी येणार आणि तो वाचून सांगणार, हा अंदाज. तुमच्या सरांनी सेफ्टीसाठी ओटीपी पाहिजेच म्हणून सांगितलं असणार, आणि त्यांचं चूक नाही, पैशाचं काम आहे. पण खडेबाजारात संध्याकाळी सहा वाजता कापड दुकानात चार गिऱ्हाईकं उभी असताना दुकानदार गल्ल्यातनं पन्नास-शंभर काढून हातावर ठेवतो आणि परत गिऱ्हाईकाकडं वळतो. तो ओटीपी बघत बसेल का? आणि नाही बसला तर एजंट काय करेल? कदाचित छोट्या वहीत लिहून रात्री घरी बसून सगळं एकदम भरेल, मग तुमच्या स्क्रीनवरची वेळ, पावती, लोकेशन सगळंच खोटं पडेल. कदाचित असं काहीच होत नसेल. पण हा अंदाज चुकला तर अख्खं ॲप वहीच्या मागं जाऊन बसणार, म्हणून हा पहिला तपासायचा. बटनाचा रंग, होम स्क्रीनवर काय, हे नंतर कधी पण बदलता येतंय.

पिग्मी म्हणजे काय साधी गोष्ट नाही बघ, १९२८ साली सिंडिकेट बँकेनं उडुपीकडं चालू केलेली, दारात जाऊन रोजचे चार पैसे गोळा करायची पद्धत, जवळजवळ शंभर वर्षं माणसाच्या विश्वासावर चाललीये. दुकानदार एजंटला नावानं ओळखतो, कधी पैसे नसतील तर उद्या म्हणतो, कधी दोन दिवसाचे एकदम देतो. हे 'उद्या' तुमच्या स्क्रीनवर कुठं आहे? ते विचारायला एक संध्याकाळ एजंटच्या मागं फिरलीस तरी पुरे.

किती जणांबरोबर फिरायचं, तर याचं एक गणित आहे. जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलं की एक माणूस वापरताना बघितला की त्यांच्या प्रोजेक्टांत सरासरी ३१ टक्के अडचणी दिसल्या, त्या हिशोबानं तिघांत दोन-तृतीयांशाच्या आसपास आणि पाच जणांत ८५ टक्क्यांपर्यंत जाता येतंय. पण हा आकडा डोळे झाकून घेऊ नकोस, तो सरासरी आहे आणि एकाच तऱ्हेच्या माणसांसाठी आहे. तुझ्याकडं एजंट वेगळे आणि दुकानदार वेगळे, त्यात मराठी वाचणारे वेगळे आणि कन्नड वाचणारे वेगळे. तीन एजंट आणि तीन दुकानदार, त्यात निम्मे कन्नडवाले, एवढं जमलं तरी तुझ्या ऑफिसात आजपर्यंत झालं नसेल एवढं होईल.

कन्नडवरनं आठवलं, स्क्रीन सगळे इंग्लिशमध्ये करून शेवटी भाषांतर टाकत असशील तर ते आजच थांबव. कन्नडमधली ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातली दुसरी अक्षरं, खाली लोंबतात, आपल्या उकार-ऋकारासारखी आणि त्याहून जास्त, बटनाची उंची इंग्लिश अक्षरावर ठरवली की ती अर्धी कापली जातात. पहिल्या दिवसापासनं कन्नड आणि मराठी मजकूर घालूनच स्क्रीन कर, यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

आता सरांशी कसं बोलायचं. 'मला रिसर्चला दोन आठवडे द्या' म्हणू नकोस, ते नाही म्हणणार आणि त्यांच्या जागेवर मी असते तर मी पण म्हटलं असतं, कारण दोन आठवड्यांनी हातात काय येणार ते त्यात सांगितलेलंच नाही. पण ताकाला जाऊन भांडं पण लपवू नकोस. सरळ म्हण, 'सर, ओटीपीचं मला खात्रीनं माहीत नाही, गुरुवारी संध्याकाळी मी सोसायटीच्या एका एजंटबरोबर दोन तास फिरून येते, शुक्रवारी सकाळी पंधरा मिनिटांत सांगते ठेवायचा का बदलायचा.' काय तपासणार, कधी, आणि त्यावर काय ठरणार, तिन्ही गोष्टी त्यात आल्या. आणि शुक्रवारी खरंच पंधरा मिनिटांतच सांग, प्रेझेंटेशन नको, फोनवर काढलेले दोन फोटो दाखव, एजंटला विचारून काढलेले, आणि कुणाची पासबुकं-आकडे त्यात येऊ देऊ नकोस.

स्क्रीन बुधवारी द्यायचेच आहेत हे बदलणार नाही, ठीक आहे. टोरोंटोत एलियस नावाची सॉफ्टवेअर कंपनी होती, पुढं ऑटोडेस्कमध्ये गेली, तिथल्या लिन मिलर आणि डेझिरे साय यांनी २००५-०७ मध्ये लिहून ठेवलंय की अजाइलमध्ये, म्हणजे छोट्या छोट्या फेऱ्यांत काम करायच्या पद्धतीत, त्यांनी डिझाइनची गाडी डेव्हलपरच्या एक पाऊल पुढं कशी चालवली. डेव्हलपर या फेरीचं बांधत असतात तेव्हा डिझाइनर पुढच्या फेरीचं काढत असतो आणि त्याच्याही पुढच्या फेरीसाठी लोकांना भेटत असतो. तुमच्याकडं टीम म्हणजे तू एकटी, तरी बुधवारी स्क्रीन दिल्यावर गुरुवार-शुक्रवार जे थोडं सैल असतंय त्यात पुढच्या मेसेजची तयारी करता येते. सरांना आधीच विचारून ठेव पुढं काय येणार आहे. आणि सपोर्टचे फोन घेणारा जो मुलगा असेल ना त्याच्याशेजारी आठवड्यातनं एक तास बस, लोक कशावरनं वैतागतात ते त्याला पाठ असतंय आणि त्याला आजवर कुणी विचारलेलं नसतंय.

आता पोर्टफोलिओ, जिथं तुझं मन खातंय आणि खायलाच पाहिजे. पर्सोना मागनं बनवून टाकणं म्हणजे वरातीमागून घोडं, आणि इंटरव्ह्यू घेणारा अनुभवी असला तर दुसऱ्याच प्रश्नाला पकडतोय. मी स्वतः इंटरव्ह्यू घेतलेत, 'या पर्सोनामुळं तुझा कुठला निर्णय बदलला' एवढं विचारलं की समोरचा गप्प होतो. पण यात एक बारीक फरक आहे तो नीट समजून घे. डेव्हिड पारनास आणि पॉल क्लेमेंट्स यांनी १९८६ मध्ये एक पेपर लिहिला, त्यात त्यांचं म्हणणं असं की शुद्ध तर्कानं पायरी-पायरीनं झालेलं डिझाइन प्रत्यक्षात कधी होत नाही, तरी शेवटचं डॉक्युमेंट मात्र तसं झाल्यासारखं नीट लावून लिहावं, कारण पुढं वाचणाऱ्याला आपली सगळी धडपड नको असते, त्याला काय ठरलं आणि का ठरलं ते पाहिजे असतंय. आणि बाजूला टाकलेले पर्याय का टाकले ते पण लिहा म्हणतात ते. तर क्रम नीट लावून सांगणं यात काही पाप नाही, सगळे तसंच सांगतात. न भेटलेल्या माणसांना भेटलो म्हणून सांगणं हे खोटं. तुझ्या मैत्रिणीला या दोन्हींत फरक वाटत नाहीये, तुला वाटतोय, तो तसाच राहू दे.

मागच्या वर्षाच्या कामातनं पण दाखवायला काहीच नाही हे मला पटत नाही. एखादा स्क्रीन असेलच जो डेव्हलपरनं 'हे होणार नाही' म्हटल्यावर तू दुसऱ्या पद्धतीनं काढलास, तो आधीचा आणि नंतरचा शेजारी ठेव आणि का बदलला ते चार ओळीत लिही. जिथं रिसर्च झाला नाही तिथं झाला नाही असं लिही, आणि वेळ मिळाला असता तर कुठला अंदाज पहिला तपासला असता ते लिही. पुण्यातल्या ज्या टीमला हे वाचून तू कमी वाटशील त्या टीममध्ये तुझं मन रमणार नाही.

कंपनी सोडायची का, तर आत्ता लगेच नको. सहा महिने असं छोटं छोटं तपासून दाखव. सर दोनदा-तीनदा ऐकतील, एखाद्या वेळी नाही म्हणतील, ते चालायचंच. पण तू समोर फोटोसकट दाखवून पण दर वेळी 'बघू नंतर' असंच आलं आणि चुकीचं दिसत असताना लोकांच्या पैशाच्या ॲपमध्ये ते तसंच गेलं, तर मग निघ, आणि निघताना वाईट वाटून घेऊ नकोस.

इंटरव्ह्यूला जाशील तेव्हा तो अंदाजांचा कागद बरोबर ने, फेअर करू नकोस, खाडाखोड असलेलाच ने. आणि एजंटबरोबर फिरायला पाऊस असेल त्या दिवशी गेलीस तर उत्तम. एका हातात छत्री, काखेत बॅग, अंगठ्यानं ओल्या स्क्रीनवर आकडा दाबायचा आणि गणपत गल्लीत मागनं रिक्षा हॉर्न देतेय. तुझं ते वर उजव्या कोपऱ्यातलं सेव्हचं बटन त्यांच्या अंगठ्याला पोचतंय का तेवढं बघून ये आणि मला कळव.